मुद्दा क्रमांक सात

होटगीकर वकिलांचा मुलगा टाईप करत गेला
सहा मुद्द्यांपर्यंत, न अडखळता.
मुलीचे नाव भार्गवी. वय सहा वर्षे चार महिने.
आई मयत.
आई म्हणजे माझी धाकटी यमुना,
पण कागदावरच्या मयताला बहीण नसते.

मग सातवा.
सदर अज्ञान मुलगी जन्मापासून आजतागायत
कोणाच्या ताब्यात होती, कोठे, किती काळ.

मी म्हटलं, ताब्यात तर तिनंच मला ठेवलंय.
तो हसला नाही. पंख्यानं कागद उडत होते,
त्यांवर त्यानं बिस्किटाचा पुडा ठेवला.
"तारखा सांगा, मावशी."

यमुना गेली तेव्हा गड्ड्यावरचे पाळणे उतरवत होते,
म्हणजे जानेवारी संपत आलेला.
तिचा नवरा भिवंडीला गेला
मालकानं आठ माग भंगारात दिले त्या आठवड्यात.
आधी महिन्याला पैसे, मग सणाला,
मग नुसता फोन, मग नंबर बंद.
मुलगी दीड वर्षाची, माझ्या कडेवर.
लिही, अर्जदाराच्या ताब्यात.

आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो.
थांबला नाही तर चादरीत बोटभर जाळी राहते,
गिऱ्हाईक घडी उलगडेपर्यंत
कुणाला दिसत नाही.

माझी जाळी नऊ महिन्यांची.

खोकल्यात रक्त आलं.
डॉक्टर म्हणाले, लेकरू शेजारी घेऊ नका.
नवऱ्यानं भाऊबंदांत विचारलं,
प्रत्येकाकडे नेमके त्याच दिवशी पाहुणे.
जैतुनबीनं विचारायची वाट बघितली नाही.
मौलाली चौकामागे एक खोली, तीन मुलगे,
भार्गवी चौथी, भिंतीकडची.
मी रस्त्याच्या पलीकडून बघायची, तोंडाला पदर लावून.
एक दिवस ती तिला अम्मी म्हणाली.
मी ऐकलं.
घरी येऊन गोळ्या वेळेवर घेतल्या.

"हे लिहायचं नाही," वकील आतून म्हणाले.
"आजार निघेल, बाई कोण ते निघेल,
बापाला नोटीस जाणार ती वेगळीच.
नऊ महिने कोण मोजतंय?"
बरोबर होतं त्यांचं. माझ्याच बाजूचे होते ते.

मी मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

त्या रात्री भार्गवी जेवायला बसली
आणि रोजच्यासारखे भाकरीचे तीन तुकडे
ताटाच्या कडेला काढून ठेवले.
कुणासाठी, हे आम्ही तिला कधी विचारलेलं नाही.
कोर्टात कुणी विचारलं तर ती सांगेल.

सकाळी जाऊन म्हटलं, लिही.
श्रीमती जैतुनबी नबीलाल शेख, धंदा विडी वळणे.
ताबा नको लिहू, सांभाळ लिही.
तो म्हणाला, कोर्टाचा शब्द ताबा आहे.
मग ताबा.

जैतुनबीचा अंगठा तीनदा उठवला.
तीनदा नुसता निळा डाग, एक रेघ नाही.
चाळीस वर्षांच्या विड्यांनी
बोटांवरचं सगळं पुसून नेलेलं.
कारकून बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिला,
मग त्यानं शिक्का मारला, जरा हळू.

मॅडमनी सातवा मुद्दा दोनदा वाचला.
चष्मा काढून म्हणाल्या, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?
पाठ करून आणलेलं उत्तर आलंच नाही.
म्हटलं, मॅडम, ती तिथं होती.

भिवंडीची नोटीस अजून परत आलेली नाही.
पुढची तारीख अठरा.

सात रस्त्याच्या पुढं, रिक्षात,
जैतुनबीनं विचारलं,
त्या कागदावर मी किती ओळींची आहे?
दीड, मी म्हटलं.
ती अंगठ्याची शाई पदराला पुसत राहिली.
भार्गवी आमच्या मधे झोपली होती.